सारवलेली धावपट्टी

विमान उडवायला फारशी अक्कल लागत नाही, असं आमचा वासूमामा म्हणत असे. तो स्वतः झकास उडवायचा, तेव्हा त्याला हे बोलणं शोभून दिसे. अक्कल लागते ती विमान ज्या जमिनीवर उतरायचं ती जमीन सांभाळायला, असं तो पुढे म्हणे. हे दुसरं काम माझ्याकडे होतं. अक्कल तेवढी यायची होती.

दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधीची चार वर्षं मी रत्नागिरीच्या सड्यावर विमानशाळेत नोकरी केली. हे सांगितलं की नातवंडांच्या डोळ्यांपुढे चामड्याची टोपी घालून ढगांतून चाललेली आजी उभी राहते. घरात मी त्यांचा विरस करत नाही. पण दिवाळी अंकात खोटं लिहायची सोय नाही, कारण अंक रत्नागिरीतही जातो आणि माझ्यापेक्षा चांगली आठवण असलेल्या दोन म्हाताऱ्या तिथे अजून आहेत. तर खरं असं, की त्या चार वर्षांत मी मुख्यतः पेट्रोल गाळलं, घारी हाकलल्या आणि लोकांच्या म्हशी ज्यांच्या त्यांच्या गोठ्यात नेऊन बांधल्या.

वासूमामा आधी बोटीवर इंजिनाकडे कामाला होता. एकदा कराचीला बोट दुरुस्तीसाठी अडकून पडली, वेळ जाईना, म्हणून हा विमान चालवायला शिकला. दुसरा कोणी असता तर पत्ते शिकला असता. पुढे नोकरी सोडून घरी आला तो एक जुनं विमान घेऊनच. वर-खाली दोन पंखांचं, पुढेमागे दोन माणसं बसतील असं. मामीने दोघांनाही ओवाळलं, विमानाच्या नाकाला कुंकू लावलं आणि मग माजघरात जाऊन रडली.

सडा म्हणजे काय, ते देशावरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्याकडे डोंगर चढून गेलं की वर टोक नसतं, जांभ्या दगडाचं सपाट पठार असतं. त्याला सडा म्हणतात. पावसाळ्यात त्यावर गुडघाभर गवत आणि उरलेलं वर्ष नुसता तापलेला कातळ. मामाने समुद्राच्या बाजूचा एक तुकडा निवडला, उंचसखल दगड फोडून घेतले, वर मुरूम टाकून रोलर फिरवला आणि सहाशे पावलं लांबीची धावपट्टी केली. तिच्या एका टोकाला माडाच्या झावळ्यांनी शाकारलेला मांगर, त्यात विमान. दुसऱ्या टोकाला काही नाही. म्हणजे खरोखरच काही नाही. तिथे सडा संपायचा आणि खूप खाली समुद्र.

मी मॅट्रिक झाले होते. एकोणीस वर्षांची, सरळ नाकाची आणि त्या नाकावर चष्मा नसताना चष्मा असल्यासारखी बघणारी. सरकारशी इंग्रजीत पत्रव्यवहार करायला कोणीतरी हवं म्हणून मामाने मला बोलावलं. मी पहिल्याच दिवशी स्वतःला मॅनेजर समजायला लागले. मामाने मला मॅनेजर कधीच नेमलं नव्हतं, पण सांगायचं धाडसही त्याला झालं नाही. वडिलांची अट एकच होती, मामाची शाळा चालेल तोवर नोकरी. शाळा बंद पडली की मुकाट्याने बोहल्यावर चढायचं. लांज्याचं एक स्थळ त्यांनी हेरूनही ठेवलं होतं. तेव्हा शाळा चालावी असं मामाला जितकं वाटे, त्याच्या दुप्पट मला वाटे.

धंदा कसा चालायचा ते थोडक्यात सांगते. मास्तर पुढे, विद्यार्थी मागे. दोघांच्या मध्ये रबरी नळी. तिच्यातून मामा सूचना द्यायचा, पण इंजिनाच्या आवाजात विद्यार्थ्याला फक्त शिव्या स्पष्ट ऐकू येत. पेट्रोल डब्यांतून बोटीने यायचं, बोटीतून लहानशा पडावात, पडावातून बंदरावर आणि तिथून बैलगाडीने सड्यावर. एवढ्या प्रवासात त्यात पाणी शिरतं, म्हणून मऊ कातड्यातून ते गाळून घ्यायचं. ते मी करत असे. मी गाळलेल्या पेट्रोलात चार वर्षांत पाण्याचा थेंब निघाला नाही, हे मी अजून कोणी विचारलं नाही तरी सांगते. वारा कुठला आहे ते वरून दिसावं म्हणून बांबूवर कापडाची लांब पिशवी लावतात. ती मी मामीच्या लाल लुगड्याची शिवली. मामी महिनाभर माझ्याशी बोलली नाही. "माझं लुगडं साऱ्या गावाला दाखवलंस," एवढंच म्हणाली.

आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. त्या विमानांना ब्रेक नव्हते. शेपटीखाली लोखंडाची एक पट्टी असे. विमान उतरलं की ती जमिनीत रुतून घासत जायची आणि तेवढ्याच जोरावर विमान थांबायचं. मामा बोटीवरचा माणूस, तो तिला नांगर म्हणायचा.

विद्यार्थी फार नव्हते, पण होते ते एकेक बघण्यासारखे. केळशीचे भाऊ म्हणून एक गृहस्थ आले. साठी उलटलेले, धोतर, काळा कोट, हातात छत्री. मामा म्हणाला, "भाऊ, या वयात वर जायचं म्हणजे..."

"वर बघायचंय कोणाला? मला खाली बघायचंय," भाऊ म्हणाले.

चार दिवस त्यांनी मन लावून जमिनीवरचे धडे घेतले. पाचव्या दिवशी म्हणाले, आता केळशीवरून एक फेरी मारू. तेव्हा मामाला उलगडा झाला. भाऊंची पोफळीची बाग आणि त्यांच्या चुलतभावाची बाग यांच्यामध्ये दगडी गडगा होता. चुलतभावाने तो आपल्या बाजूने सरकवून आपली जागा गिळली, अशी भाऊंची तीस वर्षांची तक्रार. खालून मोजणी करून समाधान होईना, म्हणून ते विमान शिकायला आले होते.

मामाने त्यांना केळशीवरून तीनदा फिरवलं. परत आल्यावर भाऊ खाली उतरले, छत्री उघडली आणि म्हणाले, "वारा फार. डोळ्यांना पाणी येत होतं. काही दिसलं नाही." पुन्हा आले नाहीत. मामाने मला नंतर सांगितलं, वरून अगदी स्वच्छ दिसत होतं, चुलतभावाने काही गिळलं नव्हतं, उलट गडग्याचं पोट भाऊंच्या बाजूने चुलतभावाच्या बागेत सुटलं होतं. पुढच्या मोसमात भाऊंकडून ओल्या सुपाऱ्यांची एक करंडी आली. वर चिठ्ठी होती, 'गडगा सरळ केला. कोणास बोलू नये.' त्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली, म्हणून आता बोलते.

दुसरा विद्यार्थी लांज्याचा. काजूच्या व्यापाऱ्याचा मुलगा, सदानंद नाव. मी त्याला नियम वाचून दाखवले, सही घेतली, कानात घालायला कापूस दिला, सगळं मॅनेजरच्या ऐटीत. तो माझ्याकडेच बघत होता. मला वाटलं, माझ्या इंग्रजीने दिपलाय. मामाने त्याला वर नेलं, एक गिरकी मारली आणि खाली आणलं तेव्हा तो आंब्याच्या पानासारखा हिरवा झाला होता. मांगराच्या खांबाला धरून थोडा वेळ उभा राहिला आणि मामाला म्हणाला, "मुलगी पसंत आहे. विमान नाही." हेच ते लांज्याचं स्थळ, हे मला तेव्हा कळलं. मी त्याला पाण्याचा तांब्या दिला आणि म्हटलं, मला दोन्ही नापसंत. चार वर्षांनी मी मत बदललं. हे सध्या शेजारच्या खुर्चीत बसून हा मजकूर वाचताहेत आणि हिरवा हा शब्द काढून टाक म्हणताहेत.

पण विद्यार्थी हा आमच्या धंद्यातला त्रास नव्हताच. त्रास होता तो मासळीचा.

तुम्हीच विचार करा. सड्यावर सपाट, साफ, दिवसभर ऊन लागणारी, वाऱ्यावरची सहाशे पावलं जमीन. मामाच्या डोळ्यांना ती धावपट्टी दिसली. खाली बंदरावरच्या मिरकरवाड्यातल्या मासळीवाल्या बायकांना तिथे वाळवण दिसलं. मुरुमावर रोलर फिरवून आठ दिवस झाले नाहीत तोच सकाळी येऊन पाहते तर या टोकापासून त्या टोकापर्यंत मांदेली पसरलेली. आणि मासळी आली की घारी आल्या. घार आणि विमान एकाच वेळी एकाच हवेत असणं दोघांनाही बरं नसतं.

या बायकांची पुढारी भागीमावशी. पन्नाशीची, काळी कुळकुळीत, काटक, घोट्यापर्यंतही न पोचणारं लुगडं घट्ट कसलेलं. ती बोलायची हळू. मी बोलायचे मोठ्याने. मी पाटी लावली, 'धावपट्टी. आत येण्यास सक्त मनाई.' दुसऱ्या दिवशी पाटीवर ओल्या टोपल्या वाळत होत्या.

"मावशी, तुम्हाला वाचता येत नाही का?"

"नाय गो बाय. काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं.

"बरं लिवलंय," ती म्हणाली. "म्हशींका वाच."

मी कायदा सांगितला, तिने सुकटीचा वाटा दिला. मी रागाने परत केला, मामाने तो मागच्या दाराने घेतला. असं महिनाभर चाललं. शेवटी व्हायचं ते झालं. मामा एका सकाळी जमिनीवरच इंजिन सुरू करून बसला होता, मासळीवर झेप घेणारी एक घार फिरत्या पंख्यात आली आणि लाकडी पंख्याचा एक तुकडा उडून गेला. घारीचं काय झालं ते लिहीत नाही. मामा नवा पंखा आणायला बोटीने मुंबईला गेला. जाताना मला म्हणाला, "कुशे, आठ-दहा दिवसांत येतो. काही करू नकोस."

हे त्याने मला सांगायला नको होतं.

तो गेला आणि सरकारी पत्र आलं. विमानशाळेचा परवाना दर वर्षी नवा करून घ्यावा लागे. त्यासाठी एक साहेब येऊन मैदान बघून जात. त्या वर्षी साहेब नवे होते आणि आल्या आल्या त्यांनी दोन मैदानं नापास केल्याचं आमच्या कानावर होतं. मैदान नापास म्हणजे परवाना नाही, परवाना नाही म्हणजे विमान विकायचं आणि कुसुमने लांज्याला जायचं. पत्रात लिहिलं होतं, साहेब स्वतःच्या विमानाने येऊन मैदानावर उतरतील. उतरण्याची जागा घट्ट, समतल आणि धूळविरहित असावी.

मी ते शेवटचे शब्द तीनदा वाचले. जागा समतल होती. पण मुरूम सुटला होता, चालताना पायाखाली लाल धूळ उडायची. घट्ट आणि धूळविरहित. एकोणीस वर्षांच्या आयुष्यात जमीन घट्ट आणि धूळविरहित करायचा एकच उपाय मी पाहिला होता. आई करायची, आजी करायची, पाहुणे यायचे असले की आदल्या दिवशी हटकून करायची. इथे तर साहेब पाहुणा येणार होता.

मी धावपट्टी शेणाने सारवायचं ठरवलं.

आता हसू येतं. तेव्हा मला माझ्या बुद्धीचं इतकं कौतुक वाटलं की मी त्या रात्रीच्या जेवणात दोनदा भात घेतला. विलायतेतल्या इंजिनिअरांना हे सुचलं नसतं, असंही मनात आलं. ते मात्र खरंच होतं.

सहाशे पावलं लांब आणि तीस पावलं रुंद जमीन सारवायची म्हणजे काय, याची कल्पना करा. बायका लागणार होत्या. इतक्या बायका एकाच माणसाच्या शब्दावर यायच्या. मी मिरकरवाड्यात गेले. भागीमावशी होडीच्या सावलीत बसून जाळं सांधत होती.

"मावशी, सारवायचंय."

"घर?"

"पट्टी."

तिने जाळं खाली ठेवलं. "कोणी सांगितलान?"

"सरकारने," मी म्हटलं.

"सरकार शाना झाला म्हणायचा," ती म्हणाली. मग तिने अट घातली. साहेब गेल्यावर चार दिवस पट्टी मासळीला द्यायची. सारवलेली जमीन, वर चकचकीत ऊन, तिच्या डोळ्यांपुढे ते वाळवण उभं राहिलं असणार. मी कबूल केलं. मामाला विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

आसपासच्या वाड्यांतल्या गोठ्यांमधून गाड्या भरभरून शेण आलं. चाळीस बायका ओळीने बसल्या आणि मांगराच्या बाजूने सारवत सारवत समुद्राच्या टोकाकडे गेल्या. दोन दिवस लागले. मीही शेवटच्या ओळीत बसले होते, पण माझा हात बघून भागीमावशीने मला पाणी द्यायच्या कामावर लावलं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला काम संपलं. मागे वळून पाहिलं तर सड्यावर हिरवागार, सरळ, गुळगुळीत पट्टा. मी इतकं देखणं काही पाहिलं नव्हतं. त्याच संध्याकाळी मामाची तार आली, तो साहेबाच्याच विमानातून उद्या सकाळी येतोय.

मार्गशीर्ष होता. आमच्याकडे मार्गशीर्षात इतकं दंव पडतं की सकाळी झाडाखाली उभं राहिलं तर डोकं ओलं होतं. अंगणात आम्ही सारवण करतो ते उन्हं वर आल्यावर, हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि आठवणं यांत फरक असतो.

सकाळी बायका टोपल्या घेऊन पट्टीच्या कडेला येऊन बसल्या होत्या, साहेब केव्हा जातो याची वाट बघत. मी मामाचे जुने बूट घालून, पदर खोचून, ऐटीत पट्टीवर पाऊल ठेवलं. दुसरं पाऊल ठेवलं. तिसरं माझं मी ठेवलं नाही, ते आपोआप गेलं. मी बसले ती चार हात घसरत जाऊन थांबले. चाळीस बायका हसल्या. इतकं मनमोकळं हसणं मी त्यानंतर आजवर ऐकलं नाही.

भागीमावशी हसत नव्हती. ती अनवाणी पावलांची बोटं रुतवत माझ्यापाशी आली आणि मला हाताला धरून उभं केलं.

"बाय, ता इमान थांबता कशान?"

"शेपटीखाली नांगर असतो. तो जमिनीत रुततो."

तिने अंगठा सारवणात दाबून पुढे ओढला. तेल लावलेल्या ताटावरून बोट फिरावं तसा तो गेला. "हतं काय रुततला?" ती म्हणाली.

आम्ही दोघींनी एकदमच पट्टीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. तिथे सडा संपत होता आणि पलीकडे समुद्र चमकत होता.

आणि उत्तरेकडून इंजिनाचा आवाज आला.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. बाकी सगळं हसत लिहिलं, हे हसत लिहिता येत नाही. माझा मामा त्या विमानात होता. आणि मी तिथे उभी राहून विचार करत होते की मैदान बंद आहे असं साहेबाला दाखवलं तर परवाना गेला. ऊन वर येतंय, थोडं सुकेल. कदाचित नांगर रुतेल. कदाचित ते मधल्या मध्ये थांबतील. मी तोंडाने म्हटलंही, "थांबा जरा, वाळेल."

भागीमावशी चालत पट्टीच्या मधोमध गेली आणि मांडी घालून बसली. तिच्यामागून दुसरी गेली, मग पाच, मग सगळ्या. चाळीस बायका या टोकापासून त्या टोकापर्यंत, जशा सारवायला बसल्या होत्या तशाच. मी सगळ्यांत शेवटी बसले. किती शेवटी ते मोजायला घड्याळ नव्हतं, आणि नव्हतं तेच बरं.

विमान खाली आलं. चाकं दिसली. पुढच्या बाकावरची साहेबाची टोपी दिसली, मागून मामा अर्धा उठून हात हलवताना दिसला. डोक्यावरून ते इतकं खालून गेलं की बायकांचे पदर उडाले. एकही उठली नाही. विमान वर गेलं, वळलं, पुन्हा आलं. मी दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरले. तिसऱ्या फेरीला मामा काय ओरडला ते ऐकू आलं नाही, पण नळीतून काय ओरडत असेल ते मला पाठ होतं.

"आता जायचे कुठं गो ते?" कोणीतरी विचारलं.

"पांढऱ्या समुद्रार," भागीमावशी न वळता म्हणाली. सड्याखालच्या वाळूच्या किनाऱ्याला आमच्याकडे पांढरा समुद्र म्हणतात. "सुकती हाय. वाळू कडक झाली असंल. वासू काय बोटीर नुसता झोपला नाय."

तसंच झालं. विमान किनाऱ्याकडे वळलं, खाली खाली गेलं आणि आवाज थांबला. आम्ही सगळ्या सड्याच्या कडेला धावलो. खाली ओहोटीच्या ओल्या वाळूवर विमान उभं होतं, मुंगीएवढी दोन माणसं त्यातून उतरत होती. बायका पुन्हा हसायला लागल्या. मी रडायला लागले. परवाना गेला, हे मला आता निवांतपणे कळत होतं.

तासाभराने बैलगाडीतून साहेब आणि मामा वर आले. साहेब उंच, लाल, घामाने थबथबलेला. मामाने माझ्याकडे पाहिलं. माझं लुगडं पाठीमागून कंबरेपासून पावलांपर्यंत हिरवं.

"कुशे," तो म्हणाला, "मी काय सांगून गेलो होतो?"

"काही करू नकोस."

"मग हे काय आहे?"

मी साहेबाचं पत्र पुढे केलं. घट्ट, समतल आणि धूळविरहित. मामाने ते वाचलं, पट्टीकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. त्याच्या मिशा हलायला लागल्या. साहेबाला इंग्रजीत कसं सांगावं हे माझ्या मॅट्रिकमध्ये नव्हतं. शेवटी मामानेच गाय, शेण, अंगण, पाहुणे असं एकेक करून समजावलं. साहेब ऐकत होता. मग तो पट्टीवर उतरला आणि दुसऱ्या पावलाला त्याचा बूट सटकला. भागीमावशीने त्याचं मनगट धरलं नसतं तर तो माझ्यासारखाच हिरवा झाला असता. तिचा हात न सोडताच त्याने समुद्राच्या टोकाकडे पाहिलं. मग हळूच पाय मागे घेतला.

"किती वेळात सुकतं?" त्याने मामाला विचारलं.

मामाने भागीमावशीला विचारलं. तिने उन्हाकडे पाहिलं. "ऊन डोक्यार येऊ दे."

ऊन डोक्यावर यायला लागलं तसा हिरवा पट्टा फिकट झाला, मग पांढुरका. साहेबाने काठीने ठोकून बघितलं. बुटाची टाच घासून बघितली. धूळ नाही. तो मामाला घेऊन गाडीने खाली गेला, भरती चढायच्या आत वाळूवरून विमान उचललं आणि सड्यावर आला. आम्ही सगळ्या श्वास धरून कडेला उभ्या. चाकं टेकली, नांगर टेकला, कर्रर्र असा आवाज झाला आणि केसांतून फणी फिरावी तशी एक रेघ ओढत विमान गेलं. जेमतेम चारशे पावलांवर उभं राहिलं. मागे धुळीचा कण नव्हता. भागीमावशी पुढे जाऊन ती रेघ बघायला वाकली आणि पुटपुटली, "सगळा सारवण उकरलान मेल्यान."

साहेब उतरला. मांगरात आमच्या एकुलत्या एका टेबलाशी बसून त्याने कागद काढले. मी शेजारी उभी, दौत धरून. एका रकान्याशी तो थांबला. मैदान उतरण्याजोगं नसेल तेव्हा ते बंद करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, असा तो रकाना होता. मामाने आपलं नाव सांगितलं. साहेबाने नकारार्थी मान हलवली.

"तुम्ही विमानात असता," तो म्हणाला. "मी जिथे जातो तिथे मैदान उघडं ठेवायला धडपडणारी माणसं भेटतात. माझ्या तोंडावर मैदान बंद करणारं कोणी मला आजवर भेटलं नव्हतं. पहिल्यांदा कोण बसलं?"

मी पदर सारखा केला. घसा साफ केला. माझं नाव इंग्रजीत कसं लिहितात तेही मनात जुळवलं. आणि मामाने प्रश्न मराठीत विचारताच दारात जमलेल्या चाळीस बायकांनी एकाच वेळी भागीमावशीकडे बोट दाखवलं.

"माका कशाक कागदात घालतांव?" भागीमावशी म्हणाली. "माझी मासळी हाय."

मामाने समजावलं. तिने एकेक करून विचारलं.

"मंजे मी नको म्हटला तर इमान उतरायचा नाय?"

"नाही."

"सायबाचापन?"

"साहेबाचंही नाही."

"तुझा?"

"माझंही नाही, मावशी."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी काही विचारायच्या आतच म्हणाली, "हिचा तर नायच." मग अंगठा लुगड्याला पुसून पुढे केला. रकान्यात तिचं नाव मी लिहिलं, माझ्या सगळ्यांत चांगल्या अक्षरात, आणि परवान्यावर साहेबाने सही केली.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे बायका मासळीच्या टोपल्या घेऊन सड्यावर आल्या. नांगराने उकरलेली रेघ भागीमावशीने पहाटेच येऊन पुन्हा सारवून काढली होती, आणि आता ती पट्टीच्या तोंडाशी मांडीवर बांबू आडवा घेऊन बसली होती. बायकांनी चार दिवसांच्या कबुलीची आठवण दिली. ती म्हणाली, कबुली या बायने दिली होती, आपण नाही. बायकांनी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि टोपल्या घेऊन खालच्या कातळावर गेल्या. मला फार समाधान वाटलं. शेवटी माझ्या पाटीची जरब बसली, असं मनाशी म्हणत मी मामाच्या बुटांचा आवाज करत पट्टीवर चढले.

"खाली उतर," भागीमावशी म्हणाली.

"मावशी, मी आहे."

"दिसतंय. ओला हाय. ऊन झाल्यार ये."

मी खाली उतरले.